दुखणं एकीकडे, आजार दुसरीकडे

ठाणे, कळवा, ऐरोलीपासून खारघरपर्यंतच्या वाचकांनी ‘मुलांचं आरोग्य’ या सदरासाठी पाठवलेल्या पत्रांपैकी या महिन्यात आम्ही एकाच प्रकारचे प्रश्न निवडले आहेत: लक्षण एका जागी दिसतं आणि मूळ दुसऱ्याच जागी निघतं. पत्रं थोडक्यात दिली आहेत. ज्या पत्रांत मूल आत्ता आजारी असल्याचं लिहिलं होतं, त्यांना छापील उत्तराची वाट पाहायला लावली नाही, फोनवर लगेच कळवलं. उत्तरांत आलेले औषधांचे आकडे रुग्णालयात काय चाललंय हे घरच्यांना समजावं म्हणून आहेत. घरी वापरण्यासाठी नाहीत.

प्रश्न : माझा नातू बारा दिवसांचा आहे. ताप अजिबात नाही, उलट अंग गार लागतं. कालपासून दूध ओढत नाही, नुसता झोपून असतो. सून म्हणते, “झोपलाय तर झोपू द्या ना, आई.” थांबून बघावं का? (एक आजी, ऐरोली)

उत्तर : थांबू नका, आजी. पहिल्या २८ दिवसांत रक्तात जंतू पसरले, तर बाळाला ताप येईलच असं नसतं. ताप आणायलाही शरीराला बळ लागतं, आणि नवजात बाळाकडे, त्यातही कमी वजनाच्या बाळाकडे, ते पुरेसं नसतं. मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब आणणंही त्याला जमत नाही. म्हणून जंतुसंसर्गात त्याचं अंग बऱ्याचदा गार पडतं. त्यातच दूध तोडलं असेल, तर ‘ताप नाही’ या गोष्टीला काहीच अर्थ उरत नाही.

तापमान कपाळाला हात लावून कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काख कोरडी करून त्याचं टोक काखेच्या मधोमध ठेवा आणि बीप वाजेपर्यंत बाळाचा हात छातीशी धरून ठेवा. ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट ठीक. त्याखाली गेलं की बाळ गारठलंय, आणि ९५.९ च्या खाली गेलं तर सरळ रुग्णालय. वरच्या बाजूला १०० च्या आसपास आकडा आला, तरी तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी तापाचं औषध देऊन रात्र काढायची नाही. थर्मामीटर नसेल, तर हाताच्या मागच्या बाजूनं आधी पोट आणि मग तळपाय बघा. दोन्ही कोमट असले तर ठीक. पोट कोमट आणि तळपाय गार असले, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार असले, तर वेळ घालवू नका.

झोपलेलं बाळ आणि मलूल बाळ ओळखायची खूण अशी. तळपायाला हलकी टिचकी मारली की झोपलेलं बाळ पाय ओढून घेतं, तोंड वाकडं करतं, कुरकुरतं. मलूल बाळाचा पाय तसाच राहतो. हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा पडतो. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं. उठवून, अंगावर घेऊनही त्यानं लागोपाठ दोन वेळा तोंड लावलं नाही, तर एवढं एक कारण पुरे.

श्वास मोजताना बाळ शांत हवं, दुपटं वर केलेलं हवं, आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं की हिशेब चुकतो, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास मध्येच थबकतो आणि पुन्हा भरभर चालतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ कण्हत असेल, तर निघायचं.

साखरपाणी, गुटी, ग्राइप वॉटर यातलं काही देऊ नका. जायफळ उगाळलेल्या गुटीनं बाळाला गुंगी येते, आणि मग मलूलपणा आजाराचा की जायफळाचा हे कुणालाच कळत नाही. नेताना बाळाला टोपी आणि लंगोट एवढंच ठेवून आईच्या उघड्या छातीशी उभं धरा आणि वरून शाल घ्या. रिक्षाच्या वाऱ्यात नुसत्या दुपट्यात नेलेलं बाळ ऐरोलीहून वाशीला पोहोचेपर्यंत आणखी गारठतं. गरम पाण्याची पिशवी नको, कातडी भाजते.

रुग्णालयात साखर तपासतील, रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) घेतील, आणि बहुधा पाठीतलं पाणी काढावं लागेल असं सांगतील. इथं बरीच कुटुंबं अडतात, म्हणून मुद्दाम लिहितो. नवजात बाळाला मेंदूज्वर झाला, तरी मान ताठ होत नाही. टाळू फुगते तीही उशिरा. ते पाणी तपासल्याशिवाय मेंदूज्वर आहे की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्याही खाली घालतात. त्यामुळे पाय लुळे पडतील ही भीती बाळगू नका. मेंदूज्वर नसेल तर प्रतिजैविकं साधारण ७ ते १० दिवस चालतात, असेल तर १४ ते २१ दिवस. ही तपासणी टाळली, तर अर्धवट उपचार होऊन बाळ घरी येण्याचा धोका असतो.

प्रश्न : वीस दिवसांच्या मुलीला आज एकदाच हिरवी उलटी झाली. त्यानंतर ती खेळतेय, पोटही मऊ आहे. उद्या ओपीडीत दाखवलं तर चालेल? (एक आई, माजिवडा, ठाणे)

उत्तर : आजच, आत्ताच. पित्त लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला येऊन मिळतं. उलटीत ते हिरवं दिसलं, म्हणजे त्याच्यापुढे कुठंतरी वाट अडली आहे असं धरून चालायचं, जोवर कुणी तसं नाही हे दाखवून देत नाही. गर्भात आतडी पोटाबाहेर वाढतात आणि साधारण दहाव्या आठवड्याच्या सुमाराला फिरत फिरत आत येऊन आपापल्या जागी बसतात. काही बाळांत हे फिरणं अर्धवट राहतं आणि जवळजवळ सगळं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबत राहतं. त्या देठाला पीळ पडला की रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत आतडं काळं पडतं. सुरुवातीला पोट मऊच असतं, बाळ बऱ्यापैकी खेळतं, आणि साधा एक्स-रेसुद्धा निर्दोष दिसू शकतो. पोट फुगून शीतून रक्त येईपर्यंत थांबलं, तर उशीर झालेला असतो.

आता दूध बंद ठेवा. हिरवा डाग पडलेलं दुपटं धुऊ नका, सोबत न्या. ‘हिरवट’ म्हणजे नक्की कसं हे शब्दांत सांगता येत नाही. जिथं बालशल्यविशारद आहेत, अशाच ठिकाणी जा. निदान होतं ते औषध पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये किंवा रक्तवाहिन्यांचा भोवरा दाखवणाऱ्या सोनोग्राफीत. पीळ असेल तर तो उलगडायची शस्त्रक्रिया त्याच दिवशी होते.

प्रश्न : बाळ चाळीस दिवसांचं झालं, डोळे अजून पिवळे आहेत. अंगावर पितं, वजन छान वाढतंय. रोज कोवळ्या उन्हात धरतो. आणखी किती दिवस धरावं? (एक वडील, कळवा)

उत्तर : ऊन थांबवा आणि बाळाची शी बघा. अंगावरच्या दुधामुळे लांबलेली कावीळ बऱ्याच बाळांत असते, ती निरुपद्रवीही असते. पण ती तीच आहे असं ठरवायला एक रक्ततपासणी लागते: एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) आणि त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतानं प्रक्रिया केलेलं. १४ दिवसांनंतरही कावीळ राहिली, तर ती करायलाच हवी. डायरेक्टचा आकडा १ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर दोष यकृतात किंवा पित्तनलिकेत शोधायचा. त्या काविळीला ना ऊन लागू पडतं, ना निळा दिवा.

सगळ्यात घातक प्रकारात पित्तनलिकाच बुजत जाते. या बाळांची गंमत अशी की ती छान दिसतात. अंग भरलेलं, पिणं व्यवस्थित. म्हणूनच फसगत होते. शीचा रंग मोहरीच्या पिवळ्यासारखा किंवा हिरवट असेल, तर पित्त आतड्यात उतरतंय. गणपतीच्या शाडूच्या मातीसारखा, खडूसारखा किंवा भिजवलेल्या कणकेसारखा फिकट असेल, तर उतरत नाही. रंग दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटच्या उजेडात फिकट रंगही पिवळसर भासतो. शूचा रंगही बघा. एवढ्या लहान बाळाची शू पाण्यासारखी असते. लंगोटावर गडद पिवळा डाग राहात असेल, तर ती दुसरी खूण.

जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. यकृताच्या बुडाशी आतडं जोडून पित्ताला वाट करून देतात. ती ६० दिवसांच्या आत झाली, तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या हातात वीस दिवस आहेत आणि त्यातले काही तपासण्यांतच जातील. एक आणखी: पित्त नसलं की व्हिटॅमिन के अंगाला लागत नाही. बेंबीतून, नाकातून थेंबभर रक्त आलं, किंवा बाळ एकाएकी पांढरंफटक पडून टाळू फुगली, तर तो मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर आत्ताच बघून ठेवा.

प्रश्न : दोन महिन्यांचा मुलगा दूध पिताना कपाळावर घामानं भिजतो, मध्येच सोडतो, पुन्हा पितो. इथल्या उकाड्यामुळे असेल ना? (एक आई, खारघर)

उत्तर : उकाड्याचा घाम मानेवर, पाठीवर, सगळ्या अंगाला येतो. पंख्याखाली, पाठ कोरडी असताना फक्त पिताना कपाळ डबडबत असेल, तर ते हृदयाचं लक्षण मानून तपासायचं. दूध ओढणं हा या वयातला सगळ्यात मोठा व्यायाम. हृदय थकलेलं असेल, तर मोठा माणूस जिना चढताना जसा थांबतो, तसं बाळ पिताना थांबतं. एका वेळच्या पिण्याला अर्ध्या तासाहून जास्त लागतोय का, आणि वजन रोज २० ते ३० ग्रॅमनं वाढतंय का, हे दोन आकडे डॉक्टरांना सांगा.

हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र असलेली बाळं पहिला महिना बरी असतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी बिघडतात. जन्मानंतर फुफ्फुसातला दाब हळूहळू उतरतो आणि छिद्रातून तिकडे रक्ताचा लोंढा वाढतो, म्हणून. ‘जन्मतः तपासलं होतं, आवाज नव्हता’ हे त्यामुळे पुरेसं नाही. एक दुर्मीळ प्रकार असाही आहे, ज्यात डावी हृदयधमनी चुकीच्या नळीतून निघते. बाळ पिता पिता किंचाळतं, पांढरं पडतं, घामेजतं. घरचे त्याला पोटातला वात समजतात, आणि प्रत्यक्षात ते छातीत दुखत असतं. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला की हे कळतं.

पहिल्या दोन आठवड्यांत दिसणारे हृदयविकार आणखी फसवे. गर्भातली एक जोडनळी जन्मानंतर बंद होते. ज्यांचं रक्ताभिसरण तिच्यावरच चालू होतं, ती बाळं एकाएकी गार, राखाडी, मलूल पडतात. वर आजींनी विचारलंय अगदी तसंच चित्र. तेव्हा मांडीच्या सांध्यातली नाडी लागते का आणि उजवा हात व पाय यांतल्या ऑक्सिजनमध्ये फरक आहे का, हे बघावं लागतं. बाळंतपण व्हायचं असेल त्यांनी, जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून घ्या असं आधीच सांगून ठेवावं. काही मिनिटांचं काम आहे. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून मागे फिरू नका. तुमच्या खारघरमध्येच श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात.

प्रश्न : सात महिन्यांची मुलगी झोपेतून उठली की दोन्ही हात पुढे टाकते आणि मान खाली घालते, नमस्कार करावा तशी. लागोपाठ वीस-पंचवीस वेळा. सासूबाई म्हणतात दचकते, काकू म्हणतात पोटात कळ येते. (एक आई, कोपरखैरणे)

उत्तर : दचकण्याची नैसर्गिक प्रतिक्रिया सहाव्या महिन्यापर्यंत मावळते आणि तिला आवाज किंवा धक्का लागतो. इथं काही न होता, झोपेतून उठताना, दर पाच-दहा सेकंदांनी एक-दोन सेकंदांचा झटका, आणि त्याची मालिका. हे आकडीचं एक रूप आहे. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लिश डॉक्टरांनी १८४१ साली स्वतःच्या मुलाचं हेच वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं होतं, मान लववण्यावरून या झटक्यांना सलाम आकडी असंही नाव पडलं. हातपाय झाडणारी, तोंडाला फेस आणणारी आकडी नसल्यामुळे घरात कुणी घाबरत नाही, आणि आठवडे निघून जातात. तेवढ्यात मूल हसायचं कमी करतं, नजर देईनासं होतं, धरलेला खुळखुळा सोडून देतं.

व्हिडिओ काढा. मूल उठायच्या वेळी मोबाइल तयार ठेवा, दिवा लावा, पांघरूण काढा, चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत येऊ द्या, दोन मिनिटं तरी चालू ठेवा. बालमेंदूतज्ज्ञाला हा व्हिडिओ दहा वाक्यांहून जास्त सांगतो. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) झोपेतला आणि उठतानाचा असा दोन्ही हवा. जागेपणी काढलेला छोटा ईईजी कधी कधी ठीक येतो. कातडीवर लांबट पांढरे चट्टे असतील तर दाखवा, त्यावरून औषध बदलतं. एरवी एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. त्या काळात रक्तदाब बघत राहावा लागतो, आणि सर्दी-तापाच्या माणसांना बाळापासून दूर ठेवावं लागतं. तारीख मिळायला पंधरा दिवस लागणार असतील, तर व्हिडिओ दाखवून आधीची मागून घ्या.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला आव झाली म्हणून औषध चालू आहे. मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग शांत पडून राहतं. (एक वडील, नेरूळ)

उत्तर : घड्याळ लावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी तीच कळ येऊन जात असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. रक्तमिश्रित, गडद लाल जेलीसारखी शी हे उशिराचं लक्षण. ते दिसलं की आव समजून औषध सुरू होतं. काही बाळं तर रडतच नाहीत, नुसती निपचित पडतात, आणि सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे जातं. सोनोग्राफीत गोलात गोल दिसतं. लवकर सापडलं, तर शीच्या जागेतून हवा किंवा सलाईन दाबानं सोडून आतडं मागे ढकलता येतं, टाका घालावा लागत नाही. परत घरी आल्यावर दहातल्या एखाद्या बाळाला पुन्हा होतं, बहुधा पहिल्या काही दिवसांत. तेव्हा तीच कळ दिसली तर तसंच निघायचं.

प्रश्न : अकरा महिन्यांच्या मुलाला सहा दिवस ताप आहे. दोन प्रतिजैविकं झाली, लघवीत पस आला पण कल्चर कोरडं (जंतू वाढले नाहीत). आज दंडावरची बीसीजीची जागा लाल होऊन सुजली आहे. लस आता उठली का? (एक आई, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : बरं केलंत दंड बघितलात. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीची जुनी खूण तापात पुन्हा लाल होणं ही कावासाकी आजाराची खूण आहे, आणि ज्या देशांत ही लस देतात तिथंच ती दिसते. या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते, तीही हृदयाच्या धमन्यांना. नेहमीची लक्षणं म्हणजे चिपडाशिवाय लाल डोळे, फाटलेले लाल ओठ, पुरळ, सुजलेले तळहात-तळपाय, मानेतली गाठ. वर्षाच्या आतल्या बाळात यातली एक-दोनच दिसतात, तीही एकेक दिवस येऊन जातात. त्यामुळे आज काय दिसतंय एवढंच सांगू नका. पहिल्या दिवसापासून कोणत्या तारखेला काय दिसलं ते कागदावर लिहून न्या. लघवीत पेशी आणि कल्चर कोरडं हेही याच चित्रात बसतं.

इको करून घ्या. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायची प्रतिद्रव्यं) दर किलोला २ ग्रॅम या प्रमाणात, दहा-बारा तास सावकाश, तापाच्या दहाव्या दिवसाच्या आत गेलं पाहिजे. उपचाराविना साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयधमनीला फुगवटा येतो. वेळेत दिलं तर शेकडा चार-पाच जणांना. तुमच्या मुलाचा सहावा दिवस आहे. या औषधानंतर गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी ११ महिने पुढे ढकलायच्या असतात. लसीकरणाच्या कार्डावर तशी नोंद करून घ्या.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला दोन दिवस उलट्या, पोटदुखी आणि धाप होती. दमा म्हणून वाफ दिली, सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी आयसीयूत साखर ४८० निघाली. घरात कुणालाच मधुमेह नाही. आम्हाला आधी कळू शकलं असतं का? (आई-वडील, घोडबंदर रोड)

उत्तर : घरात मधुमेह नसणं हा दिलासा या आजारात मिळत नाही. टाइप १ मधुमेह झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. तुमचं काही चुकलं म्हणून तो झालेला नाही.

खुणा असतात, पण त्या पोटाच्या किंवा छातीच्या वाटतात. इन्सुलिन संपलं की शरीर चरबी जाळतं, रक्तात आम्ल साठतं, आणि ते बाहेर टाकायला श्वास खोल आणि भराभर होतो. दम्याच्या धापेत छातीत शिट्टी वाजते. इथं छाती स्वच्छ, बोटावरचं ऑक्सिमीटर ९९ दाखवतं, आणि मूल मात्र धावून आल्यासारखं श्वास घेत असतं. हे दोन एकत्र दिसले की बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची, गल्लीतल्या दवाखान्यातही ते एका मिनिटात होतं. २०० च्या वर आली की पुढचं सगळं रुग्णालयात.

दुसरी खूण बाथरूममध्ये. उलट्या-जुलाबात पाणी कमी पडलं की मुलाची शू कमी होते. या मुलांची होत नाही. जीभ कोरडी, डोळे खोल, तरी शू भरपूर. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, शाळेची बाटली दुपारच्या आत रिकामी होते, शूच्या जागी मुंग्या लागतात. आपल्या आज्या मुंग्यांवरून मधुमेह ओळखत, ती खूण आजही तितकीच खरी आहे. तोंडाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो.

उपचारातली घाई घातक असते. सुरुवातीचं सलाईन साखरेविना असतं. साखर न तपासता ‘अशक्तपणा’ म्हणून लावलेली ग्लुकोजची बाटली आगीत तेल ओतते. पाण्याची तूट २४ ते ४८ तासांत सावकाश भरतात. इन्सुलिन पहिल्या तासानंतर पंपानं, दर किलोला ताशी ०.०५ ते ०.१ युनिट, एकदम मोठा डोस देत नाहीत. साखर २५० ते ३०० वर उतरली की ग्लुकोज जोडतात, आणि तेव्हा घरचे गोंधळतात. पण इन्सुलिन साखर उतरवण्याइतकंच आम्ल संपवण्यासाठी चालू असतं. या पहिल्या बारा तासांत मुलगी डोकं दुखतं म्हणाली किंवा जास्त सुस्त झाली, तर नर्सला लगेच सांगायचं. मेंदूला सूज येण्याची ती सुरुवात असू शकते.

पोटदुखीचं आणखी एक मूळ छातीत असतं. फुफ्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया मुलांना पोटात दुखवतो, कधी अगदी अपेंडिक्ससारखा. ताप, पोटदुखी आणि भरभर श्वास एकत्र असतील, तर पोटाच्या सोनोग्राफीआधी छातीचा एक्स-रे.

प्रश्न : तेरा वर्षांचा मुलगा रात्री ओटीपोट दुखतं म्हणाला, एक उलटी झाली. अॅसिडिटीचं औषध दिलं. सकाळी कळलं की वृषणाला पीळ पडला होता, काढावं लागलं. त्यानं आधी का सांगितलं नाही? (एक आई, कळवा)

उत्तर : लाजला असेल, आणि बऱ्याच मुलांना दुखतंही पोटातच, कारण वृषणाची संवेदना पोटाच्या मज्जातंतूंतून जाते. पीळ सहा तासांत उलगडला तर वृषण बहुधा वाचतं, चोवीस तासांनी क्वचितच. म्हणून मुलग्याच्या अचानक उठलेल्या पोटदुखीत चड्डी काढून तपासणं हा तपासणीचा भागच आहे. डॉक्टरांनी तसं केलं नाही, तर तुम्ही म्हणा. चित्र स्पष्ट असेल तर डॉपलरसाठी (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी) रांगेत थांबत नाहीत. त्याच शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचं वृषणही टाक्यांनी पक्कं केलं का, हे डिस्चार्ज कार्डात बघा. केलं नसेल तर विचारा.

प्रश्न : आमची पाच वर्षांची भाची जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखतं, घसा दुखतो म्हणाली. तासाभरात डोळे उघडेनात. रुग्णालयात मण्यार चावली म्हणाले. अंगावर एकही खूण नव्हती, मग कशावरून? (एक मामा, येऊरच्या पायथ्याशी, ठाणे)

उत्तर : खूण नसणं हेच मण्यारीचं वैशिष्ट्य. तिचे दात बारीक, चावा जवळजवळ न दुखणारा, सूज नाही. ती रात्री फिरते, पावसाळ्यात जास्त, आणि उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते. येऊर असो की खारघरच्या डोंगराकडेची वस्ती, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखी, उलटी, घसादुखी, गिळता न येणं यांतलं काही सांगू लागलं, तर पापण्या बघायच्याच. मुलाला एक मिनिट छताकडे बघायला सांगा. पापण्या हळूहळू उतरत असतील, उशीवरून मान उचलता येत नसेल, एका श्वासात पूर्वी म्हणत होतं तेवढे आकडे म्हणता येत नसतील, तर ते विष आहे.

अशा वेळी १०८ ला फोन करून ‘साप, श्वासाला त्रास’ हे शब्द आधी सांगा. पाणी, दूध, औषध काही पाजू नका; गिळता येत नसल्यामुळे ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर निजवा, तोंडातली लाळ बाहेर पडू द्या. चिरणं, आवळून बांधणं, मांत्रिक, सगळं नको. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठा.

तिथं रक्त २० मिनिटं काचेच्या नळीत ठेवून गोठतं का बघतात. घोणस, फुरसं चावलं तर ते गोठत नाही. मण्यारीत ते व्यवस्थित गोठतं. म्हणून ‘रक्त ठीक आहे, विष नाही’ असं कुणी म्हणालं, तर पापण्या दाखवा. प्रतिविषाच्या साधारण दहा बाटल्या लागतात, आणि मुलाला मोठ्या माणसाएवढ्याच, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. प्रतिविष मोकळं विष निकामी करतं. मज्जातंतूंच्या टोकांना आधीच झालेली इजा ते भरून काढत नाही. म्हणून ते देऊनही मूल काही दिवस व्हेंटिलेटरवर राहू शकतं, आणि नंतर पूर्ण बरं होऊन घरी येतं. यापुढे मुलांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा.

एक गोष्ट आत्ता तुमच्या हातात आहे. या विषात डोळ्यांच्या बाहुल्याही लुळ्या पडून मोठ्या होतात आणि उजेडाला हलत नाहीत, त्यामुळे मूल गेलं की काय असं वाटतं. ते शुद्धीवर असतं आणि ऐकत असतं. भाचीच्या आईला आत जाऊ देत असतील तेव्हा मुलीचा हात धरू द्या, नावानं हाक मारू द्या, आणि श्वासाची नळी कशासाठी लावली आहे ते मुलीला सांगू द्या.